सारायेवो: चार दिवस, एक नाटक आणि एक कंदील

आधीच सांगून टाकते, सारायेवोला, म्हणजे बोस्नियाच्या राजधानीत, मी गोदो बघायला गेले. म्हणजे बघायला कसला, तो प्रयोग होऊन तीस वर्षं उलटून गेलीयत, तो जिथे झाला ती जागा बघायला. कॉलेजात असताना मी एकांकिकांची प्रकाशयोजना करायचे (दोन डिमर, चार स्पॉट आणि भरपूर आत्मविश्वास) आणि तेव्हा एका शिबिरात सरांनी सांगितलेलं की १९९३ साली, वेढा पडलेल्या एका शहरात, वीज नसताना 'वेटिंग फॉर गोदो' (बेकेटचं नाटक, दोन माणसं गोदो नावाच्या कुणाचीतरी वाट बघत राहतात आणि तो येतच नाही) मेणबत्त्यांवर झालं. शिबिरातलं बाकी सगळं विसरले, हे तेवढं डोक्यात बसलं. किती मेणबत्त्या? कुठे ठेवल्या? शेवटच्या रांगेतल्या माणसाला चेहरे दिसले का? असले प्रश्न फक्त लाईटवाल्यांना पडतात.

शेवटी यंदा ऑक्टोबरमध्ये योग आला. बरोबर आमच्या ग्रुपमधलीच मैत्रीण, तेव्हा नेपथ्य करायची, आता आर्किटेक्ट आहे, हिला पुढे बाईसाहेब म्हणेन. ऑक्टोबर मुद्दाम निवडला कारण तेव्हा तिथे मेस नावाचा नाट्यमहोत्सव असतो. १९६० साली सुरू झाला तेव्हा त्याचं नावच मुळी 'छोट्या आणि प्रायोगिक रंगमंचांचा महोत्सव' असं होतं, म्हणजे या गावाला प्रायोगिकचं वेड युद्धाच्या कितीतरी आधीपासूनचं, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. आमच्याकडे मल्टिपल एन्ट्री शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एक व्हिसा) होता म्हणून वेगळा व्हिसा काढावा लागला नाही, पण हे नियम बदलत असतात, तिकीट काढायच्या आधी तपासून घ्या. विमान इस्तंबूलवरून.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बोस्नियाच्या युद्धात, ५ एप्रिल १९९२ ते २९ फेब्रुवारी १९९६, असे १४२५ दिवस या शहराला वेढा होता. शहर खोऱ्यात, चारी बाजूंनी डोंगर, डोंगरांवर बोस्नियन सर्ब सैन्याच्या तोफा आणि स्नायपर. वीज, पाणी, गॅस सगळं तुटलेलं. २०१२ साली वेढ्याला वीस वर्षं झाली तेव्हा मुख्य रस्त्यावर ११,५४१ लाल खुर्च्या मांडल्या होत्या, मेलेल्या प्रत्येक माणसामागे एक, आणि त्या मांडणारा माणूस नाटकवालाच, हारिस पाशोविच. रिकाम्या खुर्च्या ही काय चीज आहे ते नाटकवाल्याला बरोबर कळतं.

पहिला दिवस: पाऊस, बिस्त्रिक, मावशी

उतरलो तेव्हा बारीक पाऊस. घर बिस्त्रिक भागात घेतलं होतं, नदीच्या पलीकडे चढावर. चढ म्हणजे असा चढ की चाकाची बॅग ओढता येत नाही, उचलावीच लागते. (टिप: सारायेवोत घर घेताना नकाशावर नदीपासूनचं अंतर बघू नका, चढ बघा. आम्ही 'फक्त सात मिनिटं' वर फसलो.)

घराच्या मालकीणबाई पंचावन्न-छप्पन्नच्या असतील, इंग्रजी बरं, मध्येच जर्मन. आम्ही पहिल्या तासातच त्यांना मावशी म्हणायला लागलो, आपसात, आणि मग चुकून तोंडावरही. त्यांना अर्थ सांगितला तर खूष झाल्या. ओल्या बुटांनी दारात उभ्या असलेल्या आम्हा दोघींना त्यांनी आधी चपला दिल्या, मग कॉफी. तांब्याच्या छोट्या दांड्याच्या भांड्यात, जेज्वा म्हणतात, त्यात कढवलेली, बिनकानाच्या चिमुकल्या कपात ओतायची, बाजूला साखरेचा खडा आणि लोकुम नावाच्या तुर्की मिठाईचा तुकडा. आम्ही सवयीने गटकन प्यायलो तर मावशी म्हणाल्या, "पोलाको." म्हणजे सावकाश. हा शब्द नंतर चार दिवस कुणी ना कुणी ऐकवतच होतं.

खिडकीतून खाली लाल विटांची एक मोठी इमारत दिसते, ती बीअरची फॅक्टरी. तिच्या आवारात स्वतःचे झरे आहेत, त्यामुळे वेढ्यात अर्धं शहर कॅन घेऊन इथे पाण्याला यायचं. मावशींचं माहेर याच गल्लीतलं. आम्ही म्हणलं मग तुम्हाला सोयीचंच होतं. त्या म्हणाल्या, हो, रांग जवळ होती, म्हणजे तोफेचा गोळाही जवळच. हे इतक्या सहज म्हणाल्या की आम्ही पुढे काय बोलावं ते कळेना, मग बाईसाहेबांनी लोकुम छान आहे म्हणलं.

संध्याकाळी खाली बाश्चार्शियात, म्हणजे जुन्या तुर्की बाजारात. दगडी गल्ल्या, तांबटांची दुकानं, मधोमध लाकडी पाणपोई. इथे एक गंमत सापडली. दुकानाला हे लोक दुचान म्हणतात. साबणाला सापून. बक्षिसाला बक्षिश. तुर्की-फारसीच्या कृपेने आपले अर्धे चुलतभाऊच निघाले. शब्द गोळा करायचा नादच लागला आम्हाला, त्याचं फळ तिसऱ्या दिवशी मिळालं.

जेवण: चेवापी. बोटाएवढे खिम्याचे (बहुतेक ठिकाणी बीफच्या, खात नसाल तर आधी विचारा) भाजलेले तुकडे, सोमून नावाच्या गरम पावात, सोबत कच्चा कांदा आणि कायमाक, जे आपल्या सायीच्या नात्यातलं आहे. पाच किंवा दहा असे मागायचे. बाईसाहेब शाकाहारी, तिची सोय पिटा (पातळ पापुद्र्यात सारण भरून भाजलेलं) नावाच्या प्रकरणात झाली. लक्षात ठेवा, बुरेक म्हणजे फक्त मांसवालं. चीजचं हवं तर सिरनित्सा, पालकाचं झेल्यानित्सा, बटाट्याचं क्रोम्पिरुशा. 'व्हेज बुरेक' मागितलंत तर दुकानदार दुखावतो, खरंच दुखावतो, आमच्यासमोर एका पर्यटकाला त्याने पाच मिनिटं समजावलं.

दुसरा दिवस: गोदो आज येणार नाही

सकाळी उठून थेट कुलोविचा रस्ता. तिथे पोझोरिश्टे म्लादिह, म्हणजे युवा रंगभूमीचं थेटर आहे आणि इथेच १७ ऑगस्ट १९९३ ला सुझन सोन्टॅगचा गोदो उघडला. पहिल्याच दिवशी दोन प्रयोग, दुपारी दोनला आणि चारला, कारण संध्याकाळचे प्रयोग शक्यच नव्हते, अंधार पडल्यावर घरी कोण आणि कसं जाणार.

सोन्टॅग अमेरिकन लेखिका, एप्रिलमध्ये एकदा येऊन गेली, मग जुलैत परत आली ती नाटक बसवायलाच. तिने काय केलं बघा. व्लादिमिर आणि एस्त्रागॉन, म्हणजे ती वाट बघणारी दोन माणसं, यांची एक जोडी नाही, तीन जोड्या घेतल्या. मधे दोन पुरुष, एका बाजूला दोन बायका, दुसऱ्या बाजूला एक बाई एक पुरुष. पोझ्झो, म्हणजे त्यांना वाटेत भेटणारा धनी, त्याचं काम बाईने केलं. आणि नाटकाचा फक्त पहिला अंक केला. तीन जोड्यांमुळे तोच लांबला होता, आणि जे प्रेक्षक रोज वाट बघतायत त्यांना दुसऱ्या अंकात परत तेच वाट बघणं दाखवायचं, हे तिला नको वाटलं. तालमी अंधारात, नटांना हातातली संहिता वाचता येत नव्हती. सगळे उपाशी, अशक्त, स्वतःचा संवाद नसला की स्टेजवरच आडवे व्हायचे. आम्हाला तालमीत वडापाव उशिरा आला तरी आम्ही संप करायचो, हे आठवून जरा लाज वाटली.

शहरात या नाटकाला 'वेटिंग फॉर क्लिंटन' म्हणायचे. अमेरिका आज हस्तक्षेप करेल, उद्या करेल. शेवटी तो निरोप्या येतो ना, गोदोसाहेब आज येणार नाहीत पण उद्या नक्की येतील, त्यानंतर एका प्रयोगात लांबलचक शांतता पडली आणि त्या शांततेत बाहेरून काय ऐकू आलं तर संयुक्त राष्ट्रांची चिलखती गाडी गेल्याचा आवाज आणि स्नायपरची गोळी. हे सोन्टॅगनेच लिहून ठेवलंय. ध्वनिसंकलन करणाऱ्या कुणाला हे सुचलं असतं तर आपण त्याला 'फार ढोबळ होतंय' म्हणलं असतं.

तर आम्ही दारात. आत कसलीतरी तालीम चालू होती, दारावरच्या काकांना आम्ही मोबाईलवर भाषांतर दाखवून सांगितलं की आम्ही भारतातून आलोय, फक्त रंगमंच बघायचाय, पाच मिनिटं. त्यांनी ऐकून घेतलं, आमच्याकडे नीट बघितलं आणि अत्यंत गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "सुत्रा."

सुत्रा म्हणजे उद्या.

मी आणि बाईसाहेब एकमेकींकडे बघून जे हसायला लागलो ते काकांनाही कळलं. तेही हसले. म्हणजे त्यांना माहीत होतंच. पण दार काही उघडलं नाही. चूक आमचीच, आधी ईमेल करून विचारायला हवं होतं. (टिप: कुठलंही थेटर आतून बघायचं असेल तर आधी लिहा, किंवा सरळ त्या दिवशीच्या प्रयोगाचं तिकीट काढा. महोत्सवाच्या दिवसांत सगळे तालमीत असतात.)

तिथून नदीच्या बाजूला गेलं की राष्ट्रीय नाट्यगृह, आणि त्याच्या समोरच्या चौकाला सुझन सोन्टॅगचं नाव दिलंय. पाटीचा फोटो काढला. मग चालत सार्तरला. हे नाव ऐकून कुणालाही फ्रेंच तत्त्वज्ञ आठवेल, पण ते 'सारायेवस्की रात्नी तेआतार' चं लघुरूप आहे, सारायेवो युद्ध-रंगभूमी. १७ मे १९९२ ला, म्हणजे वेढा पडून दीड महिना होत नाही तोवर ही संस्था उभी राहिली. लोक धान्य साठवतात, यांनी नाट्यसंस्था काढली. पहिलं नाटक 'स्क्लोनिश्टे', अर्थ बॉम्बपासून लपायचं तळघर, त्याच साली सप्टेंबरात आलं. संस्था आजही चालू आहे आणि नावातलं 'युद्ध' त्यांनी काढलेलं नाही.

संध्याकाळी कामेर्नी तेआतार ५५. नावाप्रमाणे १९५५ चं, मुख्य रस्त्यावरच्या इमारतीत जिने चढून वर जायचं. छोटी जागा, नटांच्या कपाळावरचा घाम दिसतो. महोत्सवातला एक प्रयोग होता, दीड तास, दोनच पात्रं, भाषा बोस्नियन. सबटायटल होती पण आमच्यापुढे एक उंच गृहस्थ बसले होते त्यामुळे आम्ही निम्मं नाटक त्यांच्या मानेच्या डावीकडून वाचलं. मला नाटक आवडलं नाही, खरं सांगते. फार ओरडाआरडा, आणि प्रकाशयोजनेत दर दोन मिनिटांनी रंग बदलणं, कशासाठी कोण जाणे. पण थेटर आवडलं. आणि एक गोष्ट बघितली, संपल्यावर कुणी उठून पळत नाही. लोक टाळ्या वाजवत बसतात, मग खाली येऊन रस्त्यात उभं राहून भांडतात नाटकावर. आमच्याशीही दोन पोरं भांडली. त्यांना फार आवडलं होतं.

तिसरा दिवस: डबे, पोस्टकार्ड आणि कोसा

पाऊस थांबला. ट्रामने ऐतिहासिक संग्रहालयात. (ट्रामचं तिकीट घेऊन आत चढल्यावर मशीनमध्ये पंच करायचं विसरू नका, नुसतं खिशात ठेवून उपयोग नाही.) ही ट्राम जाते तो लांब सरळ रस्ता म्हणजेच बातम्यांमधली 'स्नायपर अ‍ॅली'. तेव्हाचं पिवळं हॉलिडे इन हॉटेल, जिथे परदेशी पत्रकार राहायचे, ते याच रस्त्यावर.

संग्रहालयाची इमारत साठच्या दशकातली काचेची आणि आता थकलेली, बाईसाहेब तिच्या प्रेमातच पडल्या. वर वेढ्याचं प्रदर्शन आहे. तोफाबिफा फार नाहीत, घरगुती वस्तू आहेत, पत्र्याच्या डब्यांपासून बनवलेल्या शेगड्या, पाणी ओढायच्या गाड्या, दिवे. मी दिव्यांपाशी अडकले. बाईसाहेब पुढे गेल्या आणि त्रिओच्या पोस्टकार्डांपाशी अडकल्या.

त्रिओ हा इथला डिझाइनर गट. वेढ्यात यांनी जगभरातली ओळखीची चित्रं आणि लोगो घेतले आणि त्यात सारायेवो घुसवलं. कोकाकोलाच्या लाल पाटीवर त्याच वळणदार अक्षरात 'एन्जॉय सारायेवो'. आणि हे सगळं पोस्टकार्डाच्या आकारात का? तर मोठ्या पोस्टरला कागदच नव्हता. आपण 'मिनिमल' वगैरे म्हणतो त्यामागे कधीकधी इतकं साधं कारण असतं. असंच दुसरं प्रकरण फामा या गटाचं, यांनी १९९३ साली चक्क वेढ्यातल्या सारायेवोची पर्यटन मार्गदर्शिका काढली, मिशलिनच्या प्रसिद्ध प्रवासी गाईडचं विडंबन, पण पूर्ण गंभीर चेहऱ्याने: पाणी कुठे मिळेल, फिरावं कसं, खावं काय. प्रवासवर्णनात टिप्सा लिहिणाऱ्या माझ्यासारखीने ते वाचलं की टिप्सा लिहायचा हात जरा आखडतो.

आणि 'अस्तित्वाचे साक्षीदार'. हे मला सगळ्यात भिडलं. १९९२-९३ मध्ये ओबाला आर्ट सेंटरने जळून भग्न झालेल्या सुत्येस्का सिनेमात एकामागून एक आठ चित्रकार-शिल्पकारांची प्रदर्शनं लावली. सामान काय? जे भोवती पडलं होतं तेच: विटा, काचा, राख. मग त्यांना १९९३ च्या व्हेनिस बिएनालेचं, म्हणजे व्हेनिसच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनाचं, बोलावणं आलं आणि कलाकारांना शहरातून बाहेरच पडता आलं नाही. पुढच्या वर्षी तीच प्रदर्शनं न्यूयॉर्कला लागली. याच ओबालाच्या मंडळींनी १९९५ मध्ये, वेढा उठायच्या आधी, चित्रपट महोत्सव सुरू केला आणि तो आज या भागातला सगळ्यात मोठा आहे. म्हणजे ऑगस्टमध्ये आलात तर सिनेमा, ऑक्टोबरमध्ये आलात तर नाटक.

संग्रहालयाच्या जवळच एक स्मारक आहे, ते चुकवू नका. बीफच्या टिनच्या डब्याचा एक प्रचंड मोठा पुतळा, खाली लिहिलंय: आंतरराष्ट्रीय समुदायास, कृतज्ञ सारायेवोकरांकडून. मदत म्हणून जे डबे यायचे ते इथली कुत्री-मांजरंही तोंडात घेत नव्हती असं म्हणतात. २००७ साली नेबोय्शा शेरिच शोबा या कलाकाराने केलंय. इतकं सभ्य शब्दांत इतकं खणखणीत कानफाटात मी तरी आधुनिक कलेत बघितलेलं नाही.

दुपारी टनेल, वेढ्यातल्या शहराची बाहेर जायची वाट. विमानतळाच्या धावपट्टीखालून १९९३ च्या पहिल्या सहामाहीत हाताने खणलेला, सुमारे ८०० मीटर, त्यातला थोडासाच आता चालून बघता येतो, वाकून. माणसं, पीठ, शस्त्रं, सगळं यातून. मला मात्र गाईडचं एकच वाक्य लागलं, की नंतर यातून विजेची केबलही टाकली. म्हणजे शहरात जो काही उजेड आला त्यातला काही या बिळातून आला. (इलिजापर्यंत ट्राम, पुढे बस किंवा टॅक्सी. ट्राम आणि बसची सुटी तिकिटं रोखीने घ्यावी लागली, जवळ मार्क (इथलं चलन) ठेवा. एका युरोला साधारण दोन मार्क, हा दर बांधलेलाच आहे.)

संध्याकाळी मावशींच्या किचनमध्ये. मी उत्साहात सांगत होते गोदोचं, मेणबत्त्यांचं, चौकाच्या पाटीचं. मावशी कांदा चिरत होत्या. मग म्हणाल्या, सगळे पाहुणे गोदोचंच विचारतात. मी नाही बघितलं ते.

मी गप्प.

"मी कोसा बघितलं. चार वेळा."

कोसा म्हणजे केस. (आपलं कोसा रेशीम नव्हे.) अमेरिकन संगीतिका 'हेअर', तीच, युद्धाविरुद्ध ओरडणाऱ्या हिप्पी पोरांची. कामेर्नीमध्ये १९९२ साली आली आणि वेढाभर गाजली. काल आम्ही ज्या खुर्च्यांत बसून नाक मुरडत होतो तिथे. मावशी तेव्हा कॉलेजात, म्हणजे कॉलेज असतं तर. म्हणाल्या, पहिल्या वेळी मी केस धुतले. कोसाला जायचं आणि केस घाण, असं कसं चालेल? एक लिटर पाणी घेतलं, आई ओरडली, त्या पाण्यात सूप झालं असतं म्हणाली. मी धुतले. तेच पाणी मग फरशीला, आणि मग संडासात. सुकायला शेगडी नाही, ओल्या केसांनी पळत गेले, पूल ओलांडताना खाली वाकून. आत इतकी गर्दी की जिन्यात उभी राहिले. गाणी चालू झाली आणि मी रडत नव्हते, नाचत होते, लिहून घे, नाचत होते.

लिहून घेतलं.

त्या म्हणाल्या, तुमचं गोदो चांगलंच असेल. पण आम्हाला वाट बघायची म्हणजे काय ते कुणी दाखवायची गरज नव्हती. ते तुमच्यासाठी होतं. हे अगदी बरोबर आहे असं मला वाटत नाही, गोदोलाही हॉल भरत होता आणि मेणबत्त्या आणणारी माणसं इथलीच होती, पण आम्ही लांबच्यांनी एक प्रयोग उचलून त्याची आरती करावी आणि बाकी सगळं नाटकवेडं गाव अंधारात ठेवावं, हे आमच्याकडून झालंय खरं. मीच वीस वर्षं केलंय.

मग मी माझा लाईटवाला प्रश्न विचारला. मेणबत्त्या नसतील तेव्हा काय? मावशींनी सुरी ठेवली, हात पुसले. काचेचा ग्लास घेतला, अर्ध्याहून जास्त पाणी भरलं, वरून बोटभर खाण्याचं तेल ओतलं. वाइनच्या बाटलीचं बूच, त्याची पातळ चकती कापली, मधे भोक, त्यातून सुती दोरा. तेव्हा बुटांची नाडी वापरायचो म्हणाल्या. चकती तेलावर तरंगत ठेवली, काडी लावली. आणि म्हणाल्या, "कांदिलो."

कंदील! मी जवळजवळ किंचाळलेच. त्यांना सांगितलं, आमच्याकडे पण कंदील. त्यांचा विश्वास बसेना. बाईसाहेबांनी दिवाळीच्या आकाशकंदिलाचे फोटो काढून दाखवले, झाल्या सगळ्या खूष.

मग मावशींनी ट्यूब बंद केली.

ज्योत वाटाण्याएवढी. पहिली काही सेकंदं काहीच नाही, नुसता तो ठिपका आणि खालच्या पाण्यात त्याचा हलता ठिपका. मग हळूहळू मावशींचे हात दिसायला लागले, मग हनुवटी, नाक, डोळ्यांच्या खाचा काळ्या. खालून येणारा उजेड, फूटलाईटचा असतो तसा, प्रत्येक चेहरा मुखवटा करून टाकणारा. टेबलाच्या पलीकडे बसलेल्या बाईसाहेब दिसत होत्या पण तिच्या मागची भिंत नाही. ओट्यापाशी उभी राहून बघितलं, सात-आठ फूट असेल, तोंड हलतंय एवढं कळतं, हसतायत की बोलतायत ते नाही. म्हणजे शेवटच्या रांगेला चेहरे दिसले नसणार. आवाज ऐकला असणार फक्त. आणि तरी अंधार होतो तेव्हा माणूस आपोआप पुढे सरकून बसतो, आम्ही तिघी सरकलो होतो, कुणी सांगितलं नव्हतं.

तेल जळल्याचा वास यायला लागला तसा मावशींनी फुंकर मारली आणि कांदा परत चिरायला घेतला.

चौथा दिवस: वरून

त्रेबेविचची केबल कार. युद्धात उद्ध्वस्त झाली, ६ एप्रिल २०१८ ला परत चालू झाली. वर १९८४ च्या हिवाळी ऑलिम्पिकची बॉबस्लेची (बर्फावरच्या घसरगाड्यांच्या शर्यतीची) सिमेंटची वळणदार घळ पडून आहे, झाडांमधून, अख्खी ग्राफिटीने रंगलेली, तिच्यावरून चालत खाली उतरता येतं. बाईसाहेबांनी दीड तास घेतला, वळणांची उंची, पृष्ठभाग, काय काय. मी पुढे जाऊन कड्यापाशी उभी राहिले. खाली सगळं दिसतं. नदी, पूल, ट्राम, आमचं बिस्त्रिक, बीअर फॅक्टरी. पुलावरून जाणारी माणसं मोजता येतील इतकं. बंदुकवाला असाच वर बसलेला. त्याच्याकडून बघितलं तर शहर हाच रंगमंच, पूर्ण उजेडात. मला तिथे जास्त वेळ उभं राहवलं नाही. (बुटांना ग्रिप हवी, पावसानंतर घळीत शेवाळ असतं. एकदा बसलेच मी.)

परतताना वियेच्नित्सा, जुनी नगरपालिका. राष्ट्रीय ग्रंथालय इथे होतं, १९९२ च्या ऑगस्टात तोफगोळ्यांनी जळालं, लाखो पुस्तकं गेली. २०१४ मध्ये परत उघडलं. आतला काचेचा घुमट सुंदर आहे पण मला जरा फार चकचकीत वाटलं, बाईसाहेबांच्या मते मी रडकी आहे. दाराबाहेर फुटपाथवर लाल डाग बघत चाललो होतो, तोफगोळ्याने पडलेले खड्डे लाल रेझिनने भरलेत, त्यांना सारायेवोचे गुलाब म्हणतात. शहरात अधूनमधून दिसतात, वरून लोक चालत जातात. आम्ही आधी वळसा घालून जात होतो, चौथ्या दिवशी लक्षात आलं की आम्हीही वरून गेलो.

कुलोविचा रस्त्यावरून मुद्दाम परत गेलो. तेच काका दारात. लांबूनच बघून हात वर केला आणि म्हणाले, "सुत्रा!" आता ते मजा करत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमान. या खोऱ्यात धुकं भरतं, थंडीत तर फारच, त्यामुळे पुढचं कनेक्शन घट्ट ठेवू नका, आमचं विमान दोन तास उशिरा निघालं. मावशींनी डब्यात सिरनित्सा बांधून दिली होती ती गेटवरच संपली. बाईसाहेब म्हणाल्या कांदिलोचा फोटो दाखव. मी काढला होता, ट्यूब बंद असताना. उघडून बघितलं तर फोनने आपली अक्कल चालवून नाईट मोड लावलेला, आणि अख्खं किचन लख्ख, मागची भिंत, फ्रिजवरचे मॅग्नेट, चिरलेला कांदा, सगळं दिवसाढवळ्यासारखं. ज्योत कुठेय ते शोधावं लागलं.